महाकालच्या दारात फ्रान्सचं कर्ज, बेळगावच्या कचऱ्याला जर्मनीचा पैसा: देणारा देश नेमकं काय बघतो?

उज्जैन : महाकालेश्वराचं आजचं देऊळ उभं राहिलं ते अठराव्या शतकात. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी ते नव्याने बांधवून घेतलं. पैसा कुणाचा, काम कुणाचं आणि पुण्य कुणाच्या खात्यावर, हे सगळं तेव्हा एका ओळीत सांगता येत होतं. त्याच देवळाभोवती आणि शेजारच्या रुद्रसागर तलावावर गेल्या काही वर्षांत झालेल्या खर्चाचा हिशेब मात्र एका ओळीत मावत नाही. त्यात केंद्र आहे, राज्य आहे, स्मार्ट सिटी कंपनी आहे आणि यादीत जरा खाली पॅरिसचं एक नाव आहे. एएफडी, म्हणजे फ्रान्स सरकारची विकास बँक.

११ ऑक्टोबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते महाकाल लोकच्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं. सुमारे ८५० कोटींच्या एकूण प्रकल्पाची चर्चा देशभर झाली. तिथे जाऊन आलेल्या मराठी भाविकांची संख्या काही कमी नाही; नाशिक, जळगाव, सोलापूर, बेळगाव सगळीकडून गाड्या भरून लोक जातात. पण या परिसराच्या कामात फ्रेंच कर्जाचाही एक भाग आहे, हे त्यातल्या फार थोड्यांच्या कानावर असेल.

यात लपवाछपवी काही नाही. केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाची 'सिटीस' नावाची योजना जुलै २०१८ मध्ये सुरू झाली. शहरांनी प्रस्ताव द्यायचे, त्यातून निवड व्हायची. निवडलेल्या १२ शहरांत उज्जैन होतं; हुबळी-धारवाड, सुरत, पुदुच्चेरी, कोची हीही होती. एकूण रक्कम ९३३ कोटी रुपये, म्हणजे १० कोटी ६० लाख युरो. त्यात १० कोटी युरो एएफडीचं कर्ज, उरलेलं युरोपीय संघाचं तांत्रिक मदतीसाठीचं अनुदान. सरासरी काढली तर एका शहराच्या वाट्याला ८० कोटींच्या आतच रक्कम येते. महाकाल प्रकल्पाच्या आकड्यापुढे ही फार मोठी रक्कम नव्हे. तरीही हा पैसा कसा येतो, का येतो आणि कुणाच्या मर्जीने थांबू शकतो, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण आता तोच पैसा बेळगावलाही येऊ घातला आहे.

मे २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'सिटीस'च्या दुसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. या वेळी १७६० कोटी रुपयांचं कर्ज, म्हणजे २० कोटी युरो. निम्मं फ्रान्सच्या एएफडीचं, निम्मं जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी बँकेचं. वर युरोपीय संघाचं १०६ कोटींचं अनुदान. मार्च २०२५ मध्ये जयपूरला १८ शहरांबरोबर करार झाले. त्यात उज्जैन पुन्हा आहे, बेळगाव आहे, पणजी आहे. जबलपूर आणि बिलासपूरही आहेत. मुख्य विषय एकच : कचरा.

(जाता जाता एक गोंधळ दूर करायला हवा. फ्रान्सची एएफडी ही बँक. जर्मनीत याच नावाचा एक पक्षही आहे, उजव्या टोकाचा. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. उलट परदेशात असा पैसा द्यायला त्या पक्षाचा विरोधच असतो. तो मुद्दा पुढे येईलच.)

कर्ज कुणाच्या नावावर?

हे कर्ज उज्जैन महापालिकेच्या नावावर नाही, बेळगाव महापालिकेच्याही नाही. कर्ज घेतं भारत सरकार आणि फेडतंही भारत सरकारच. शहराच्या हातात पैसा येतो तो अनुदान म्हणून. त्यामुळे नगरसेवकाला हप्त्याची काळजी नाही आणि नागरिकाला कर्जाची कल्पना नाही. पैसा दिल्लीहून आला, इतकंच कळतं. पण पैशाबरोबर अटीही येतात. कोणत्या कामाला द्यायचा, निविदा कशा काढायच्या, लोकांना उठवावं लागलं तर काय करायचं, तक्रार कुठे करायची, हे सगळं करारात लिहिलेलं असतं. त्या अटी शेवटच्या टोकापर्यंत पोहोचतात. माहिती मात्र वाटेतच कुठेतरी अडकते.

आता कचराच का? उज्जैनला विचारलं तर पहिली गरज क्षिप्रेची सांगितली जाईल. इंदूरहून येणाऱ्या कान्ह नदीचं घाण पाणी क्षिप्रेत मिसळतं, ही तिथली जुनी दुखरी नस. २०२८ चा सिंहस्थ तोंडावर आहे. बेळगावला विचारलं तर रस्ते, पाणी, उड्डाणपूल अशी यादी निघेल. पण युरोपीय देशांच्या विकास बँकांना आपल्या घरी दाखवायचं असतं ते हवामानाचं काम. कचऱ्याचा पुनर्वापर, डेपोतून निघणारा मिथेन वायू कमी करणं, हे त्या चौकटीत चपखल बसतं. कचरा हा आपलाही खरा प्रश्न आहे, त्यामुळे तक्रार करायचं कारण नाही. मात्र कोणत्या कामाला पैसा मिळेल हे देणाऱ्याच्या घरच्या यादीवरून आधी ठरलं आणि आपली शहरं त्या यादीत बसणारं काम घेऊन रांगेत उभी राहिली, हा क्रम विसरून चालणार नाही.

देणाऱ्याच्या घरातलं भांडण

'विदेशी मदत' म्हटलं की आपल्याकडे दोन टोकाच्या कल्पना असतात. एक म्हणजे दानधर्म, दुसरी म्हणजे कारस्थान. प्रत्यक्षात देणाऱ्या देशात या पैशावरून रोजची, अगदी घरगुती म्हणावी अशी भांडणं चालू असतात.

फ्रान्सचंच घ्या. एएफडी बाजारातून रोखे काढून पैसा उभा करते आणि पुढे कर्जाने देते. जिथे सवलत द्यायची तिथे फ्रेंच सरकार भर घालतं. ऑगस्ट २०२१ मध्ये फ्रान्सने कायदा करून विकास मदतीचं लक्ष्य राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५५ टक्क्यांवर आणि पुढे २०२५ पर्यंत ०.७ टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं. नंतर तिजोरीवर ताण आला, तेव्हा ते लक्ष्य २०३० पर्यंत ढकललं गेलं आणि २०२५ च्या अंदाजपत्रकात मदतीला मोठी कात्री लागली. तिकडच्या खासदारांचा नेहमीचा प्रश्न : चीनसारख्या देशाला आपल्या बँकेने कर्ज का द्यावं? त्या प्रश्नात उद्या चीनच्या जागी भारताचं नाव यायला कितीसा वेळ लागणार?

जर्मनीत २०२४ च्या सुरुवातीला पेरू देशातल्या सायकल मार्गांवरून गदारोळ झाला. लिमा शहरातल्या सायकलींच्या रस्त्यांसाठी जर्मन करदात्याचे कोट्यवधी युरो गेले, अशी ओरड झाली. सांगितला गेलेला आकडा खऱ्यापेक्षा कितीतरी फुगवलेला होता आणि त्यातला काही भाग तर परतफेडीचं कर्ज होतं. पण सभेत टाळ्या पडायच्या त्या पडल्या. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन बर्लिनच्या रस्त्यावर उतरलेले असताना 'पेरूच्या सायकलींना पैसा आणि आम्हाला नाही' हे वाक्य सहज खपतं. याच जर्मनीने मे २०२२ मध्ये भारताबरोबर हरित भागीदारीचा करार करून २०३० पर्यंत किमान १० अब्ज युरो देण्याची तयारी दाखवली आहे. त्यातला फार मोठा भाग कर्जाच्या रूपात आहे, म्हणजे पैसा परत जाणारच आहे. हे बारकावे प्रचारसभेत कोण सांगतो?

ब्रिटनची गोष्ट आणखी बोलकी. भारताला पारंपरिक मदत बंद करण्याचा निर्णय त्यांनी २०१२ मध्येच जाहीर केला आणि २०१५ पासून तो अमलात आला. तरी ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, तेव्हा तिथल्या एका वृत्तवाहिनीच्या निवेदकाने 'चंद्रावर जायला पैसे आहेत तर आमचे २.३ अब्ज पौंड परत द्या' असा सूर लावला. तो आकडा २०१६ ते २०२१ या काळातला होता आणि त्यात कर्ज, गुंतवणूक असं सगळं मिसळलेलं होतं. आपल्याकडे त्यावर रागही आला, थट्टाही झाली. पण ब्रिटिश मतदाराच्या डोक्यातला प्रश्न त्यातून उघडा पडला : श्रीमंत होत चाललेल्या देशाला आम्ही का द्यावं?

जपानने हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला आहे. पालघरमधून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी त्यांच्या जायका संस्थेचं कर्ज अवघ्या ०.१ टक्के व्याजाचं, ५० वर्षांच्या मुदतीचं. ऐकायला फुकटच वाटतं. पण त्याबरोबर शिंकान्सेन तंत्रज्ञान आलं, जपानी कंपन्यांना काम आलं. जपानी करदात्याला समजावून सांगायला हे सोपं जातं. देणाऱ्याला स्वार्थ आहे म्हणून कर्ज वाईट, असं काही नाही. गावातला सावकारही स्वार्थानेच देतो आणि सोसायटीही काही तत्त्वाने देते. फरक इतकाच की आपण कुणाच्या दारात उभे आहोत हे घेणाऱ्याला ठाऊक हवं.

वॉशिंग्टनची भिशी

स्वतःच्या बँकेतून देणं हा एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे अनेक देशांनी मिळून चालवलेली बँक. जागतिक बँक, आशियाई विकास बँक ही त्यातली मोठी नावं. आपल्या भागाला हे नवं नाही. बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गीच्या काही वॉर्डांत २४ तास पाण्याचा प्रयोग झाला तो २००४ मध्ये मंजूर झालेल्या जागतिक बँकेच्या कर्जातूनच.

भागधारक देशाला यात मोठा फायदा दिसतो. स्वतः थोडं घालायचं आणि बँकेने त्या जोरावर बाजारातून कितीतरी पट उभं करायचं. जागतिक बँकेची गरीब देशांसाठीची शाखा आयडीए. डिसेंबर २०२४ मध्ये तिच्यासाठी देणाऱ्या देशांनी २३.७ अब्ज डॉलर कबूल केले आणि त्यातून १०० अब्ज डॉलर उभे राहतील असा हिशेब मांडला गेला. भिशीत एवढा परतावा कुणालाच मिळत नाही! तोटा असा की पाटीवर आपलं नाव येत नाही आणि पैसा कुणाला जाईल हे एकट्याला ठरवता येत नाही.

अमेरिकेच्या बाबतीत ही दुसरी अडचणही अर्धीच खरी. जागतिक बँकेच्या मुख्य शाखेत तिची मतं १६ टक्क्यांच्या जवळपास आहेत आणि बँकेची घटना बदलायला ८५ टक्के मतं लागतात. म्हणजे अमेरिकेच्या मनाविरुद्ध घटना बदलत नाही. भारताची मतं ३ टक्क्यांच्या आसपास. अध्यक्ष परंपरेने अमेरिकाच सुचवते. सध्याचे अध्यक्ष अजय बंगा यांचा जन्म पुण्यातल्या खडकीचा. २०२३ मध्ये त्यांचं नाव आलं तेव्हा आपल्याकडे कौतुकाच्या बातम्या झाल्या. पण त्यांचं नाव सुचवलं होतं वॉशिंग्टनने, दिल्लीने नव्हे.

आणि तरीही अमेरिकेतच या बँकांवर सगळ्यात जास्त शंका घेतली जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी सगळ्या आंतरराष्ट्रीय संघटनांमधल्या सदस्यत्वाचा फेरआढावा घेण्याचा आदेश काढला. अमेरिकेची स्वतःची मदत संस्था यूएसएड १ जुलै २०२५ पासून मोडीत निघाली. मग जागतिक बँकेतूनही अमेरिका बाहेर पडणार का, अशी धाकधूक होती. अर्थमंत्री स्कॉट बेसंट यांनी २३ एप्रिल २०२५ च्या भाषणात उत्तर दिलं. बाहेर पडायचं नाही, पण बँकेने आपलं मूळ काम सोडून भलतीकडे जाऊ नये. हवामानाचा जप कमी करून सर्व प्रकारच्या ऊर्जेला पैसा द्यावा. चीनसारख्या देशाला विकसनशील म्हणत बसू नये. जूनमध्येच बँकेने अणुऊर्जेला कर्ज न देण्याचं अनेक वर्षांचं धोरण सोडलं. आयडीएला बायडेन सरकारने ४ अब्ज डॉलर कबूल केले होते; ट्रम्प सरकारने मागणी केली ३.२ अब्जांची.

यूएसएड बंद केली आणि जागतिक बँक ठेवली, यातच सगळं आलं. पहिली संस्था पूर्ण खर्चाची होती. दुसरीत थोड्या पैशात जगभर शब्द चालतो. शिवाय ती जागा सोडली तर तिथे कोण बसेल, याची जाणीव आहेच. २०१५ मध्ये चीनने आशियाई पायाभूत गुंतवणूक बँक काढली तेव्हा मित्रदेशांनी त्यात जाऊ नये म्हणून अमेरिकेने खटपट केली. ब्रिटन आधी गेला, पाठोपाठ जर्मनी, फ्रान्स, इटली. भारत तर संस्थापकांतच होता. देणाऱ्या देशांची एकजूट म्हणतात ती इतकीच.

आता हे सगळं उज्जैनच्या कचऱ्याशी कसं जोडलेलं आहे? युरोपातल्या बँका हवामानासाठी पैसा देताहेत आणि जागतिक बँकेचा सर्वांत मोठा भागधारक म्हणतोय हवामान पुरे झालं. एकाच वेळी दोन वारे. ज्या शहराने प्रस्तावात 'हवामान' हा शब्द घालून पैसा मिळवला, त्याला पुढच्या फेरीत दुसरा शब्द शोधावा लागेल. तो काही गुन्हा नाही. पण दर चार-पाच वर्षांनी शब्द बदलत राहिले तर नदी तशीच राहते.

मणिबेलीची आठवण

देणाऱ्या देशाचं राजकारण आपल्या गावापर्यंत कसं पोहोचतं याचं सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्राच्या सीमेवरच आहे. आज सिंहस्थात क्षिप्रेला जे पाणी दिसतं त्यात नर्मदेचं पाणी आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या नर्मदा-क्षिप्रा जोड प्रकल्पातून ते उचलून आणलं जातं. त्याच नर्मदेवर, खाली गुजरातेत, सरदार सरोवर. जागतिक बँकेने १९८५ मध्ये त्यासाठी ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. मध्य प्रदेशातली निमाडची गावं, आणि महाराष्ट्रात आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा, धडगाव भागातली ३३ गावं बुडिताखाली येणार होती. त्यात सगळ्यात आधी मणिबेली.

आंदोलन इथे उभं राहिलं, पण बँकेला हलवलं ते तिच्या भागधारकांच्या राजधान्यांनी. १९८९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे मेधा पाटकरांची साक्ष झाली. १९९० मध्ये जपानने आपला पैसा काढून घेतला. मग बँकेला स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या समितीने जून १९९२ मध्ये अहवाल दिला : पुनर्वसन आणि पर्यावरण, दोन्हींत बँक आपलेच नियम पाळत नाही, एक पाऊल मागे घ्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बँकेच्या संचालक मंडळात अमेरिका, जपान, जर्मनी, कॅनडा यांच्या संचालकांनी कर्ज थांबवण्याची बाजू घेतली. बहुमत मिळालं नाही. पण मार्च १९९३ संपता संपता भारत सरकारनेच कळवलं की उरलेलं कर्ज नको.

पुढे धरण काही थांबलं नाही. पैसा देशातूनच उभा केला गेला, सप्टेंबर २०१७ मध्ये लोकार्पणही झालं. मणिबेलीच्या लोकांना देणाऱ्या देशांनी वाचवलं, असं म्हणणं म्हणूनच भाबडेपणाचं. मात्र एक गोष्ट उरली. आयडीएच्या निधीला अमेरिकी काँग्रेसची मंजुरी हवी होती आणि बार्नी फ्रँक यांच्यासारख्या खासदारांनी अट घातली : आधी तक्रार ऐकणारी स्वतंत्र यंत्रणा आणा, मग पैसा. त्यातून १९९३ मध्ये जागतिक बँकेचं तपासणी पॅनेल जन्माला आलं. बाधित गावातल्या दोन माणसांनीही मिळून तक्रार केली तर ती घ्यावी लागते, आपल्या भाषेत केली तरी चालते. नंतर आशियाई विकास बँकेने तशीच व्यवस्था केली. एएफडीकडेही पर्यावरण आणि सामाजिक तक्रारींसाठी स्वतंत्र यंत्रणा आहे. नर्मदाकाठच्या आदिवासींनी जगाला दिलेली ही देणगी आहे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

पण ती यंत्रणा उभी राहिली ती देणाऱ्या देशातल्या मतदाराला तेव्हा जंगलाची, विस्थापितांची चाड वाटत होती म्हणून. आज त्याच मतदाराला पेरूच्या सायकलींचा राग आहे. लोकांना उठवण्याबाबतचे नियम, पर्यावरणाचे अभ्यास, तक्रारीची मुदत या गोष्टी कर्ज घेणाऱ्या सरकारांना तर नेहमीच कटकट वाटत आल्या आहेत. देणाऱ्यालाही त्या खर्चिक वाटू लागल्या तर त्यांच्या बाजूने बोलणार कोण?

आपणही देणारेच

इथे भारताची बाजू पाहावी लागते आणि ती मोठी मजेशीर आहे. २००३ मध्ये दिल्लीने छोट्या देणगीदार देशांना नम्रपणे सांगितलं की तुमची मदत आता आम्हाला थेट नको. मोजक्या देशांचीच घेऊ. २०१४ मध्ये भारत आयडीएच्या गरीब देशांच्या यादीतून बाहेर पडला आणि पुढे त्याच निधीत वर्गणी भरू लागला. ब्रिक्स देशांच्या नव्या विकास बँकेत भारताचा वाटा इतर चार संस्थापकांइतकाच आहे, आणि त्याच बँकेने मध्य प्रदेशातल्या जिल्हा रस्त्यांसाठी ३५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं आहे. म्हणजे एका हाताने मालक, दुसऱ्या हाताने ऋणको. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात परराष्ट्र मंत्रालयाने एकट्या भूतानच्या मदतीसाठी २१५० कोटी रुपये ठेवले. 'सिटीस'च्या दुसऱ्या टप्प्यात फ्रान्स आणि जर्मनी मिळून १८ शहरांना काही वर्षांत देणार आहेत, त्याहून ही एका वर्षाची रक्कम जास्त. थिंफूतही कुणी विचारत असेल, भारताला यात काय हवंय? आणि मालदीवशी बिनसलं तेव्हा आपल्या चहाच्या टपरीवरही ब्रिटिश निवेदकासारखाच सूर लागला होता : एवढं दिलं, तरी हे असे!

भागधारक म्हणून आवाज कसा उठवायचा हेही दिल्लीला चांगलं ठाऊक आहे. ९ मे २०२५ रोजी, सीमेवर तोफा धडधडत असताना, नाणेनिधीने पाकिस्तानला १ अब्ज डॉलरचा हप्ता मंजूर केला. भारत मतदानापासून दूर राहिला आणि आपला आक्षेप नोंदवला. जूनमध्ये आशियाई विकास बँकेने पाकिस्तानला ८० कोटी डॉलरचं पॅकेज दिलं, तेव्हाही विरोध केला. दोन्ही वेळा पैसा गेलाच. तरी नोंद झाली, जगाने वाचली. परकी बँक परक्याला पैसा देते तेव्हा आपला प्रतिनिधी बोलतो, हे बरोबरच आहे. आपल्याच गावातल्या कामावर लोकांची तक्रार गेली तर तोच प्रतिनिधी कुणाच्या बाजूने बोलेल? सरदार सरोवरच्या वेळी तो भारत सरकारच्या बाजूने बोलला, नंदुरबारच्या बाजूने नाही. सरकारचा माणूस सरकारचंच बोलणार.

उज्जैनमध्ये जानेवारी २०२५ मध्ये महाकाल परिसराच्या विस्तारासाठी निजामुद्दीन कॉलनीतली अडीचशेच्या आसपास बांधकामं पाडण्यात आली. ती जमीन राज्य सरकारने संपादित केली होती, मोबदला दिल्याचं प्रशासनाने सांगितलं, प्रकरण न्यायालयातही गेलं. आपल्या कायद्यात हाच एक मार्ग आहे आणि तो लांबचा आहे. ज्या कामात विकास बँकेचा पैसा असतो तिथे दुसरा मार्गही असतो. पण कोणत्या कामात कुणाचा पैसा आहे, हे प्रकल्पाच्या फलकावर ठळक लिहिलेलं असेल तरच तो वापरता येतो.

बेळगाव शहराचा कचरा तुरमुरीला जातो. डेपोच्या वासाबद्दल तिथल्या गावकऱ्यांच्या तक्रारी जुन्या आहेत, जर्मनी आणि फ्रान्स या चित्रात येण्याच्या कितीतरी आधीच्या. आता कचऱ्याच्या कामासाठी युरोपचं कर्ज येतं आहे, तेव्हा महापालिकेने चार गोष्टी सांगून टाकायला हरकत नाही : कर्जाची रक्कम किती, ती कोणत्या कामाला, करारात गावकऱ्यांसाठी कोणत्या अटी आहेत, आणि तक्रार करायची तर पत्ता कोणता. कन्नडमध्ये सांगावं आणि मराठीतही. पणजीत कोकणी आणि मराठीत, उज्जैनला हिंदीत. पॅरिस आणि फ्रँकफर्टमध्ये ही माहिती मागितली तर नकार मिळणार नाही. कारण तिथल्या करदात्याला ती आधीच द्यावी लागते.